पैसा कुणाचा, प्रश्न कुणाचा?

(शिवडीला युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. विषय दिला होता : 'विद्यापीठं, अर्थशास्त्र आणि दानाचा पैसा'. बोललो तसंच लिहून काढलं आहे. साल आणि आकडे तेवढे नंतर पुन्हा तपासून घेतले.)



माझ्या आधी जे बोलले ते एम.ए. झालेले. त्यांच्या आधीचे वकील. मी दहावी. जुनी माणसं अजून मॅट्रिक म्हणतात. तीही दुसऱ्या झटक्याला, गणित राहिलं होतं. आणि तुम्ही मला विषय देता अर्थशास्त्राचा! पण एक सांगतो. गोदीत गोण्या उतरवताना टॅली क्लार्कचा आकडा आणि आमचा आकडा जुळला नाही, की टोळी मलाच पुढे करते. तिथं गणितात नापास झालेलं हे पोरगं बरोबर हिशोब सांगतं. कारण तिथं चुकलं तर पोटाला चिमटा बसतो. एवढ्या भांडवलावर मी इथं उभा आहे. काही लोक मला कवितेमुळं ओळखतात. आज कविता वाचणार नाही. आज नुसता हिशोब.

हा विषय माझ्याकडे पुस्तकातून आला नाही, घरातून आला. माझी धाकटी बहीण अर्थशास्त्रात एम.ए. करते. आमच्या खानदानात एवढी शिकलेली ती पहिली. तिला पुढं संशोधन करायचं आहे. तिच्या विद्यापीठात एका धनिकाच्या ट्रस्टची शिष्यवृत्ती आहे. फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं देतात. रक्कम चांगली आहे, खोटं कशाला बोलू? फॉर्म घेऊन ती घरी आली. आई भाकऱ्या थापत होती, तिथंच बसून आम्ही तो वाचला. पहिली तीन पानं नाव-गाव-जात-उत्पन्न. चौथ्या पानावर अटी. एक : विद्यार्थ्याने आपल्या घरासमोर उभं राहून काढलेला फोटो जोडावा. दोन : दरवर्षी दात्यांना पत्र लिहावं आणि शिष्यवृत्तीनं आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगावं. तीन : संशोधनाचा विषय सोबतच्या यादीतून निवडावा. यादीत अकरा विषय होते. त्यातल्या एकावर तिनं बोट ठेवलं. 'असंघटित कामगारांच्या बचतीच्या सवयी.'

मी हसलो. ती हसली नाही.

तिला विषय पाहिजे होता गोदीचा. जहाजाच्या एका पाळीसाठी माणसामागं किती पैसे मोजले जातात, आणि ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम असं करत माझ्या हातात येईपर्यंत त्यातले किती उरतात? मधे गळती कुठं आहे? हा विषय यादीत नव्हता. म्हणजे बघा, माझ्या खिशात आलेल्या पैशाचं मी काय करतो, याचा अभ्यास करायला पैसा आहे. माझ्या खिशात यायच्या आधी पैशाचं काय होतं, याचा अभ्यास करायला पैसा नाही.

ती म्हणाली, "दादा, सही करू का?"

मी म्हटलं, थांब जरा. आणि या भाषणाची तयारी मी खरं तर तिच्यासाठी केली. तुमच्यासाठी नाही, माफ करा.

बचतीच्या सवयीचं आधी मिटवतो. दोन वर्षांपूर्वी गोदीच्या गेटाबाहेर दोन पोरं आणि एक पोरगी आली. हातात टॅब. पाहणी करत होती. चांगली पोरं होती, चहा पाजला आम्हाला. विचारलं, गेल्या तीस दिवसांत किती वेळा उपाशी झोपलात? घरात पंखे किती? दारूवर किती? बचत करता का? करत नसाल तर का नाही? शेवटी एक कापडी पिशवी दिली, तिच्यावर दात्याच्या संस्थेचं नाव. मी विचारलं, याचा निकाल आम्हाला कळणार का? पोरगी खरं बोलली. म्हणाली, मला माहीत नाही, मी फक्त फॉर्म भरते. ती पण आमच्यासारखीच रोजावर होती.

बचत का करत नाही? माझा आजा करत होता. तोही याच गोदीत. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला, त्यातून डॉक लेबर बोर्ड आलं. बोर्डाचा कामगार हजेरीला आला आणि त्या दिवशी बोट नसली, तरी त्याला काही पैसे मिळत. रजा होती, फंड होता. त्या फंडावर आज्यानं गावाकडं दोन खोल्या बांधल्या. १९९४ साली मुंबईचं बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. मग पक्के कामगार निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागी ठेका आला. मी ठेक्यावर. बोट लागली तर रोज, नाही लागली तर गेटावर उभा. आज्याचं रक्त आणि माझं रक्त एकच. त्याला बचतीची सवय होती आणि मला नाही, असं कसं झालं? ती सवय नव्हती रे बाबांनो. तो कायदा होता. कायद्याच्या जागी ज्यांना सवय दिसते, त्यांना माझ्या घरातला पंखा मोजायला पाठवलेलं असतं.

आता मुद्द्यावर येतो. विद्यापीठाला, अर्थशास्त्राला धनिकानं पैसा द्यावा आणि त्यातून गरिबीचा अभ्यास व्हावा, ही चाल आजची नाही. शंभरावर वर्षं झाली. आणि तिची एक गोष्ट आपल्या मुंबईतूनच सुरू होते.

१९१२ साल. सर रतन टाटा. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. २०२४ साली गेले ते रतन टाटा वेगळे, गल्लत करू नका. या सर रतननी लंडन विद्यापीठाला वर्षाला १,४०० पौंड देऊ केले. कशासाठी? दारिद्र्याची कारणं शोधायला आणि ते दूर करायचे उपाय अभ्यासायला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्या पैशावर एक वेगळा विभाग उभा राहिला. त्याचा पहिला संचालक आर. एच. टॉनी. माणूस चांगला होता. १९१३ साली पहिल्याच व्याख्यानात त्यानं सांगितलं की दारिद्र्य म्हणजे माणसाचा वैयक्तिक दोष नाही, ती उद्योगधंद्याच्या रचनेतून येणारी गोष्ट आहे. इंग्लंडात क्रॅडली हीथ म्हणून गाव आहे. तिथं बाया घरामागच्या भट्टीवर घण मारून साखळ्या बनवत. १९१० साली त्या बायांनी लढून किमान वेतन मिळवलं. मालकांची ओरड अशी की याने धंदा बुडेल. टॉनीनं टाटांच्या पैशावर त्या धंद्याचा अभ्यास केला आणि १९१४ साली छापून दाखवलं की धंदा बुडाला नाही, मजुरी वाढली. पुढच्या वर्षी शिवणकामाचा धंदा असाच तपासला. म्हणजे दानाच्या पैशातून झालेलं संशोधन कामगाराच्या बाजूनं उभं राहू शकतं. हे मी कबूल करतो. जे खरं ते खरं.

पण माझा प्रश्न दुसराच आहे. पैसा कुठला होता? त्या घराण्याच्या कापडगिरण्या होत्या. नागपूरची एम्प्रेस, कुर्ल्याची स्वदेशी. गिरणीत घाम कुणाचा? इथल्या माणसाचा. आणि त्या काळात मुंबईच्या गिरण्यांची रीत काय होती? एका गिरणीचं सांगत नाही, चालच तशी होती. आपल्या माणसाला विणखात्यात घेत नसत. जास्त मजुरी तिथंच. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो. आपलं तोंड लागलं की धागा बाटतो! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर विचारला. तर इथल्या गिरणीतला नफा बोटीत बसला, लंडनला गेला आणि तिथल्या शिंपिणीची मजुरी मोजून आला. मोजली ते बरंच झालं. ती आपलीच बहीण. पण ज्याच्या घामाचा पैसा, त्याच्या धाग्याचा प्रश्न कुणाच्या यादीत होता?

पुढं मोजणारे इकडंही आले. बर्नेट-हर्स्ट म्हणून एक संशोधक होता. टाटांच्याच त्या देणगीतून इंग्लंडमधल्या गावांतल्या दारिद्र्याची पाहणी झाली, तिचं पुस्तक १९१५ साली निघालं, त्याच्या दोन लेखकांपैकी तो एक. त्यानं १९२५ साली मुंबईचे मजूर आणि त्यांची घरं यावर पुस्तक काढलं. त्यात आपण आलो. मोजले गेलेले म्हणून आलो. आपली खोली, आपला पगार, आपली पोरं. सगळे आकडे आपले, पेन्सिल दुसऱ्याची.

आता दुसरं दान ऐका. पहिल्यानंतर एकच वर्ष. १९१३.

भीमराव रामजी आंबेडकर. वय २२. एल्फिन्स्टनचा बी.ए. त्या बी.ए.साठीही बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना २५ रुपये मिळत होते. केळुसकर गुरुजींनी भेट घालून दिली होती. आता महाराजांनी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. कोलंबिया विद्यापीठ, न्यूयॉर्क. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि करार. परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी.

आता हिशोब करा. साडेअकरा गुणिले बारा. वर्षाचे १३८ पौंड. लंडनला दारिद्र्याच्या अभ्यासाला जात होते वर्षाला १,४००. म्हणजे गरिबीचा अभ्यास करायला जो पैसा जात होता, त्यात दरवर्षी दहा भीमराव शिकले असते. दहा! एका भीमरावानं काय केलं ते जगानं बघितलं. उरलेल्या नऊ जणांची नावं आपल्याला माहीत नाहीत. ते कुठल्या तरी खात्यात कापूस पिंजत मेले असतील.

मी असं म्हणत नाही की टाटांनी वाईट केलं आणि गायकवाडांनी चांगलं केलं. पैशाच्या दोन वाटा दाखवतो आहे. एक वाट गरिबाबद्दल अभ्यास करणाऱ्याला पैसा देते. दुसरी वाट गरिबालाच अभ्यास करायला पाठवते. आणि दुसऱ्या वाटेनं गेलेल्या माणसानं विषय कुठला घेतला बघा. अस्पृश्यांच्या खर्चाच्या सवयी? नाही. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम केले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचा जमाखर्च यावर लिहिलं. सरकारची तिजोरी आणि प्रांतांची तिजोरी यांचा हिशोब कसा बदलत गेला, यावर पीएच.डी.चा प्रबंध केला. ज्याच्या सात पिढ्यांना सावकाराच्या वहीला हात लावायची चोरी होती, तो थेट साम्राज्याच्या वह्या तपासायला बसला. यादीतून विषय घेणारा माणूस हे करू शकला नसता.

पुढं लंडनला रुपयावर लिहिलं. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी', १९२३. ते पुस्तक मला सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. सोनं-रुपं-हुंडणावळ, डोकं फिरतं. बहिणीनं समजावून सांगितलं तेवढं सांगतो. रुपयाचा भाव पडला की माल बाहेर पाठवणारा व्यापारी खूष होतो. त्याला जास्त रुपये मिळतात. पण बाजारात महागाई येते आणि मजुरी त्या वेगानं वाढत नाही. मग व्यापाऱ्याच्या गल्ल्यात पडलेला जास्तीचा रुपया आला कुठून? कामगाराच्या ताटातून आला. बाबासाहेबांनी हे दाखवलं. १९२५ साली सरकारच्या हिल्टन यंग आयोगापुढं जाऊन साक्षही दिली. सगळे विचारत होते, देशाचा फायदा कशात? हा माणूस विचारत होता, देशातल्या कुणाचा? बस, अर्थशास्त्रातला एवढा एक शब्द मला कळतो. कुणाचा?

आता या दुसऱ्या दानाची दुसरी बाजू. तीही लपवायची नाही.

१९१६ ला बाबासाहेब लंडनला गेले. १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून परत या. करार म्हणजे करार. ते परतले, पण त्यांच्या पुस्तकांचं सामान ज्या बोटीवर होतं ती बोट टॉर्पेडोनं बुडाली. महायुद्ध चालू होतं. मी गोदीत रोज पेट्या उतरताना बघतो. हजार वेळा मनात येतं, त्या पेट्या इथं उतरायच्या होत्या. कुणा हमालाच्या पाठीवरून जायच्या होत्या. तो हमाल आपलाच कुणीतरी असता. उतरल्याच नाहीत. आणि गंमत बघा, बुडालेल्या सामानाची भरपाई मिळाली ६०० रुपये, त्या पैशावर ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले.

बडोद्यात काय झालं ते तुम्हाला पाठ आहे. शिपाई फायली लांबून टेबलावर फेकत. कचेरीत प्यायला पाणी नाही. राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर काठ्या घेऊन माणसं दारात उभी. कोलंबियाचा विद्वान बागेत झाडाखाली बसून रडला. महाराजांची नियत साफ होती. पण दान देणारा हात एक आणि पाणी नाकारणारे हात शंभर. तिजोरीतून पैसा निघाला तरी माठातून पाणी निघालं नाही. मित्रहो, शिष्यवृत्ती माणसाला विद्यापीठाच्या दारात नेते. दाराच्या आत काय होतं, त्याची सोय तिच्यात नसते. आजही आपली पोरं मोठ्या मोठ्या संस्थांत शिष्यवृत्तीवर जातात आणि मेसमध्ये एकटी जेवतात. त्याचा रकाना कुठल्या फॉर्मात आहे?

मग राहिलेलं शिक्षण कसं झालं? सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० अर्थशास्त्र शिकवलं. तिथंही प्राध्यापकांच्या माठावरून कुरबूर. पगारातले पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राकडून ५,००० रुपये उसने. १९२० ला परत लंडन. ग्रंथालय उघडायच्या आधी दारात, बंद व्हायच्या वेळी बाहेर. रात्री भुकेला पापड. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. आणि इकडं रमाई. तिच्या उपासमारीचा हिशोब कुठल्याच विद्यापीठाच्या वहीत नाही. कोलंबियात मिळणाऱ्या पैशातून बाबासाहेब घरी काही पाठवत, ते कितीला पुरणार? मी म्हणतो, त्या पदव्यांच्या दात्यांच्या यादीत पहिलं नाव रमाईचं घाला. महाराज नंतर.

आणखी एक गोष्ट, माझ्या फार मनाला लागलेली. बाबासाहेबांच्या दोन पुस्तकांच्या अर्पणपत्रिका शेजारी ठेवा. प्रांतांच्या तिजोरीवरचं पुस्तक, १९२५ सालचं, सयाजीरावांना अर्पण. शिक्षणाला मदत केली म्हणून ऋण मान्य केलंय. रुपयावरचं पुस्तक आईबापाच्या स्मृतीला. रामजी सुभेदारांनी लेकाच्या पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींचे दागिने गहाण टाकायला घेतले होते. म्हणजे बाबासाहेबांनी ऋण नाकारलं नाही. महाराजांचं ऋण महाराजांना, आईबापाचं आईबापाला. हिशोब चोख. पण ऋण मानलं म्हणून दहा वर्षं मान खाली घालून फायली झेलत बसले नाहीत. कृतज्ञता वेगळी, गुलामी वेगळी. यातला फरक ज्याला कळला, त्यानं खुशाल दान घ्यावं.

आता देणाऱ्याचा हात पुस्तकावर कसा पडतो ते बघू. याचं जुनं उदाहरण अमेरिकेतच आहे. शिकागो विद्यापीठ तेलसम्राट रॉकफेलरच्या पैशावर उभं राहिलं. तिथं एडवर्ड बेमिस नावाचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. १८९४ साली पुलमन कंपनीच्या कामगारांचा मोठा संप झाला, रेल्वे थांबल्या. बेमिसनं एका भाषणात रेल्वे कंपन्यांना चार शब्द सुनावले. १८९५ साली विद्यापीठातून तो बाहेर. विद्यापीठानं कारणं दुसरी दिली. कारणं नेहमी दुसरीच असतात. आमचा मुकादमही असंच करतो. युनियनचं नाव काढणाऱ्याला तो युनियनसाठी काढत नाही. पास संपला म्हणतो.

लांबचं कशाला? २०२३ साली हरियाणातल्या, देणग्यांवर उभ्या असलेल्या एका खासगी विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एका तरुण प्राध्यापकानं २०१९ च्या लोकसभा निवडणुकीवर निबंध लिहिला. गदारोळ झाला. विद्यापीठानं त्या निबंधापासून हात झटकले आणि प्राध्यापकानं राजीनामा दिला. बेमिस ते हा, मधे १२८ वर्षं.

तरीही, बाहेरचा पैसा म्हणजे सगळंच खोटं, असं म्हणणारे आपल्यात आहेत, त्यांना एक सांगतो. १९७१ साली पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या दांडेकर आणि रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास छापला. पैसा फोर्ड फाउंडेशनचा. मोटारवाल्या फोर्डचा, अमेरिकेतला. त्यांनी काय दाखवलं? १९६०-६१ साली खेड्यातली ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं पोटाला पुरेल एवढंही खाऊ शकत नव्हती. सरकार समाजवादाच्या गप्पा मारत होतं, तेव्हा हा आकडा कानफटात बसला. गावोगाव सरकारनं कामं काढावीत, असंही त्यांनी सुचवलं. लगेच १९७२ चा दुष्काळ आला, महाराष्ट्रात रोजगार हमी सुरू झाली, १९७७ ला तिचा कायदा झाला. म्हणून मी आकड्याला शिव्या देत नाही. आकडा आपलं हत्यार आहे. पण दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांपैकी एकीची पोरगी त्या आकड्यावर लेखक म्हणून असती, तर तिनं आणखी एक रकाना आखला असता. कामावर पाणी कुणाच्या हंड्यातून आणि कुणाला वरून ओतून? उपास मोजणाऱ्याला कॅलरी दिसते. उपाशी माणसाला जात पण दिसते.

मग बाबासाहेबांनी पुढं काय केलं? हीच खरी शिकवण आहे, नीट ऐका. स्वतः महाराजांच्या मर्जीवर शिकले. मर्जी म्हणजे काय ते १९१७ ला कळलं. म्हणून सत्तेत गेल्यावर त्यांनी आपल्या पोरांसाठी दुसरा महाराज शोधला नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सरकारच्या मागं लागले आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ साली सरकारी तिजोरीतून सुरू झाली. एका माणसाच्या दयेची जी थैली होती, तिची त्यांनी अंदाजपत्रकातली एक ओळ केली. दयेला तारीख विचारता येत नाही. अंदाजपत्रकातल्या ओळीसाठी मोर्चा काढता येतो. माझ्या बहिणीला बी.ए.ला ती शिष्यवृत्ती मिळाली. दुसऱ्या वर्षाचे पैसे परीक्षा होऊन गेल्यावर आले, ती गोष्ट वेगळी. पण त्यासाठी ती कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटून भांडली. तिला कुणी म्हटलं नाही की घरासमोरचा फोटो दे, आभाराचं पत्र लिही. भांडता येणं हाच दान आणि हक्क यातला फरक आहे. ज्याच्याशी भांडता येत नाही तो दाता. ज्याच्याशी भांडता येतं ते सरकार.

आणि आज चाललंय काय? ही ओळ बारीक करत आणायची आणि दात्यांची फलकं मोठी करत न्यायची. सरकारी विद्यापीठात जागा भरायच्या नाहीत, खासगी विद्यापीठाला जमीन द्यायची. तिथली फी आपल्या आवाक्याबाहेर. मग दाता पुढं येतो आणि म्हणतो, घ्या, तुमच्यातल्या दोघांची फी मी भरतो. आणि आपण त्या दोघांचे सत्कार करतो.

म्हणून माझं म्हणणं चार वाक्यांत सांगतो आणि बसतो.

पहिलं : दानाचा पैसा घ्यायचा. बिनधास्त घ्यायचा. तो आभाळातून पडलेला नाही. कुठल्या तरी गिरणीतून, गोदीतून, खाणीतून आलेला आहे. म्हणजे फिरून आपलाच आहे. बाबासाहेबांनी घेतला, आपण कोण मोठे लागून गेलो?

दुसरं : फोटो द्यायचा नाही, विषय विकायचा नाही. माझी खोली हा तुमच्या अहवालाचा कव्हर फोटो नाही. प्रश्न कुठला विचारायचा ते विद्यार्थी ठरवेल.

तिसरं : जो गरिबीवर संशोधनाला पैसा देतो, त्याला विचारायचं की यातला किती वाटा गरिबाच्या पोरांना संशोधक करण्यासाठी आहे? नुसते फॉर्म भरणारे नव्हे, प्रश्न लिहिणारे. आणि निकाल आमच्या भाषेत, आमच्या गेटावर येऊन वाचून दाखवा. पिशवी नको.

चौथं : सरकारच्या तिजोरीतली ती ओळ सोडायची नाही. दाता कितीही मोठा असो, त्या ओळीची भरपाई करू शकत नाही.

आता शेवटचं. बहिणीनं फॉर्म भरला. मी सांगितलं म्हणून नाही, तिनंच ठरवलं. फोटोच्या चौकटीत तिनं फोटो लावला नाही. लिहिलं, माझं घर या संशोधनाचा भाग नाही. आभाराच्या पत्राऐवजी दरवर्षी संशोधनाचा अहवाल देईन, असं लिहिलं. आणि यादीतले अकराही विषय सोडून खाली स्वतःच्या अक्षरात बारावा लिहिला. मुंबई गोदीतल्या कंत्राटी कामगारांची मजुरी आणि मधल्यांचा वाटा. पाकीट टाकून तीन आठवडे झाले. उत्तर आलेलं नाही. येईल की नाही सांगता येत नाही.

आई रोज विचारते, आलं का काही? मी म्हणतो, येईल. गेल्या रविवारी टोळीत मी ही गोष्ट सांगितली. आम्ही चौदा जण. कुणी काही बोललं नाही. सोमवारी पाळी सुटल्यावर सगळ्यात म्हातारा होता त्यानं हातात दोनशे रुपये ठेवले. म्हणाला, पोरीला सांग, मधल्यांचा वाटा लिहिताना माझं पण नाव लिही, मी तीस वर्षांचे आकडे तोंडपाठ सांगतो. मग बाकीच्यांनी दिले. मिळून सव्वीसशे झाले. एवढ्यात पीएच.डी. होत नाही, मला माहीत आहे. एक महिना निघेल कसाबसा. पण त्या पैशाला एकच अट होती, आणि ती अट अशी होती की खरं लिही.

अशी अट घालणारा दाता मला दाखवा, मी त्याच्या दारात जाऊन जय भीम घालीन.

तुम्हा सगळ्यांना आत्ताच घालतो. जय भीम.